जीपचं नाक

नूरीन शिकलगारनं एकदा हात लावलेली वायर पुन्हा कुरकुरत नाही, असं शिराळ्यात सगळे म्हणत. म्हणजे आधी नूरीन म्हणाली, आणि इतक्या वेळा, इतकं ठासून म्हणाली की मग बाकीचेही म्हणू लागले. अर्थात त्यात खोटं काही नव्हतं. ट्रॅक्टरचा स्टार्टर असो, ऊसवाहतुकीच्या ट्रकचा हॉर्न असो, नाहीतर डॉक्टरीणबाईंच्या मोटारीची अडकलेली काच असो, नूरीन हातात टेस्टर घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारायची, दोन ठिकाणी टोचायची आणि म्हणायची, "सापडलं." आणि ते खरोखरच सापडलेलं असायचं.

दुकान तिच्या अब्बांचं, कुतुबुद्दीन शिकलगारांचं. घराण्यानं विळ्या-कोयत्यांना धार लावली, पण कुतुबुद्दीननी तरुणपणीच धारेचं चाक सोडलं आणि डायनामोला हात घातला. आता नजर अधू झाल्यामुळं ते दारात लोखंडी खुर्ची टाकून बसत आणि कानांनी काम करत. एखादी गाडी नुसती चालू झाली की आवाजावरून सांगत, "अल्टरनेटरची बेरिंग गेली." त्यावर नूरीन म्हणायची, "ते मला गाडी कोपऱ्यावर हुती तवाच कळलं." असा त्या बापलेकीचा संसार होता, आणि दोघांपैकी कोण जास्त फुशारकी मारतं हे ठरवणं अवघड होतं.

त्यामुळं आवळवाडीची जीप तीच तक्रार घेऊन तिसऱ्यांदा दुकानासमोर येऊन उभी राहिली तेव्हा नूरीनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आवळवाडी म्हणजे शिराळ्याच्या पश्चिमेला डोंगराच्या खांद्यावर बसलेली वाडी. तिकडं रस्ता आहे, पण त्याला रस्ता म्हणायला मन मोठं लागतं. पावसाळ्यात एसटी सोडाच, मोटरसायकलही अर्ध्यातून परत फिरते. मग वर-खाली करते ती एकच गाडी, अर्जुनाची जुनी फोर बाय फोर जीप. दुधाचे कॅन तिच्यात, शाळेची पोरं तिच्यात, अडलेली बाळंतीण तिच्यात. चालवायचा अर्जुना, आणि कागदावर मालकीण त्याची आई भामाबाई.

ती जीप पहिल्यांदा नूरीनच्या हाताखाली आली तेव्हा तिच्यात वायरिंग नव्हतंच, नुसता गुंता होता. जो तो मिस्त्री आपापली वायर जोडून गेला होता. एका स्विचला तीन दिवे, एका दिव्याला दोन स्विच, आणि एक स्विच तर असा की दाबला तर काही व्हायचं नाही, पण काढला तर गाडी सुरू व्हायची नाही. नूरीननं बाह्या वर केल्या आणि सगळं उपसून बाहेर काढलं. टपावर एलईडीची लांब पट्टी बसवली, बंपरवर दोन पिवळे फॉगलाइट, मागं सामान उतरवायला एक दिवा. शिवाय डाव्या कुशीला एक जास्तीचा दिवा तिनं आपल्याच मनानं लावला. घाट उतरताना दरी डाव्या हाताला असते, आणि समोरचे दिवे नाकासमोरच बघतात. वळणाच्या पोटात काय आहे ते गाडी वळल्यावरच त्यांना दिसतं. हा दिवा मात्र आधीच वळणात डोकावणारा होता. प्रत्येक दिव्याला आपला फ्यूज, करंट जोडणारा-तोडणारा आपला रिले, आणि डॅशबोर्डवर स्विचची एक ओळ. अर्जुनाची नजर रस्त्यावरून हलू नये म्हणून तिनं प्रत्येक स्विच बोटाला वेगळा लागेल असा निवडला. वळणाच्या दिव्याचा स्विच सगळ्यात मोठा, लाल, अंगठ्याएवढा.

काम झाल्यावर तिनं सगळे दिवे एकदम लावले तेव्हा भरदुपारी समोरच्या किराणा दुकानदारानं डोळ्यांवर हात धरला. नूरीनला त्या दिवशी भाकरी दोन घास जास्त गेली.

एकच गोष्ट तिनं जुनी ठेवली होती. बॅटरीतून निघालेला करंट दिव्यात पेटतो ते सगळ्यांना दिसतं, पण त्याला परत बॅटरीकडं यावं लागतं, आणि ती परतीची वाट गाडीच्या लोखंडातून जाते. तिला अर्थिंग म्हणतात. कुतुबुद्दीनांचा उभ्या हयातीचा नियम होता, की सगळ्या अर्थिंगच्या वायरी एकाच बोल्टावर घ्यायच्या आणि तो बोल्ट जाळीच्या पुढं, बंपरच्या वर, उघड्यावर ठेवायचा. "अंधारात गाडी बंद पडली तर ड्रायव्हरच्या हाताला बोल्ट लागला पायजे," असं ते म्हणत. या जीपला तसा बोटभर लांब पितळी बोल्ट त्यांनी स्वतःच, नजर चांगली असताना, बसवला होता. नूरीननं तो पॉलिश पेपरनं लखलखीत केला, नव्या वायरींची टोकं त्यावर कसली, आणि अब्बांच्या हातचं काहीतरी गाडीवर राहिलं म्हणून तिला बरंही वाटलं.

महिनाही धड गेला नाही. जीप परत आली ती चेकाळल्यासारखी. उजवा इंडिकेटर द्यावा तर डावा फॉगलाइट डोळा मारायचा. ब्रेक दाबला की टपावरची पट्टी मिणमिणायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हॉर्न वाजवला की पुढचे दिवे जायचे. घाटात वळणावर हॉर्न हा द्यावाच लागतो, म्हणजे नेमका वळणावर अंधार.

"अर्थिंग," दारातून कुतुबुद्दीन म्हणाले.

"ते मला ठाऊक हाय," नूरीन म्हणाली. बोल्टावर पांढरट-हिरवी खरपुडी धरली होती. तिनं ती खरवडली, टोकं बदलली, सगळं आवळलं. दिवे पूर्ववत. घाटातला चिखल-पाणी, दुसरं काय असणार? त्याच दुखण्यानं दुसऱ्यांदा जीप आली तेव्हाही तिनं हेच केलं, फक्त यावेळी तोंड जरा आवळून केलं. आणि आता ही तिसरी खेप.

अर्जुना खाली उतरला आणि बोनेटला टेकून उभा राहिला. चाळिशीकडं झुकलेला, सावकाश बोलणारा माणूस. 

"नूरीनताई, आता ही शेवटचीच खेप," तो म्हणाला. "आई म्हनती गाडीला बाधा झालीया. खंडाळ्याचा एक माणूस रविवारी बघायला येणार हाय. पुण्याच्या लोकास्नी डोंगरात फिरवायचा धंदा हाय त्याचा. जीप देऊन टाकायची म्हनती."

"आन वाडी? वाडीनं काय पंख लावायचं?"

"तेच सगळी सांगत्यात तिला. पर ती न्हाई ऐकत. परवा सुतारांची सून दवाखान्यात नेताना दिवे गेले. मी मोबाइलच्या उजेडात गाडी खाली आणली. आईला हे कळलं तवापासनं ती जेवली न्हाई नीट." अर्जुनानं बोनेटवरचा चिखल नखानं खरवडला. "माझा बा तसाच गेला न्हवं का. दूध घेऊन खाली येत हुता मोटरसायकलवर. दिवा गेला, आन वळण कुठं हाय ते कळलंच न्हाई. त्याच्याच नावानं आकारामाचं वळण म्हणत्यात आता त्याला. आई त्या वळणाकडं आजवर बघितली न्हाई. बाजारला उतरताना मागं बसती आन तिथं आलं की तोंडावर पदर घेती."

 नूरीनला एकदम लाज वाटली. इतके दिवस ती फक्त आपल्या नावाचा विचार करत होती, आणि इथं एक बाई रोज संध्याकाळी लेक परत येईपर्यंत उंबऱ्यात बसत होती.

"अब्बा, मी वर जाते," ती म्हणाली. "इथं गाडी शहाण्यासारखी वागती. नाटकं करती ती तिकडं. तिच्या घरी जाऊन बघितलं पायजे."

"जा की. पण बोल्टाला नावं ठेवू नगंस," कुतुबुद्दीन म्हणाले. "माझ्या बोल्टानं कवा दगा दिला न्हाई."

"मी कुठं काय म्हटलं?"

"म्हनणार हुतीस."

नूरीननं बोल्ट पुन्हा लखलखीत केला, हत्यारांची पिशवी आणि काळ्या वायरीचं भेंडोळं जीपमध्ये टाकलं आणि अर्जुनाच्या शेजारी जाऊन बसली. वरपर्यंत ती दर दोन मिनिटांनी एकेक स्विच दाबत होती. खड्ड्यात गाडी आपटली, ओढ्यातून गेली, चाकं फिरून चिखल टपापर्यंत उडाला. दिवे जसेच्या तसे. हॉर्न दिला तरी हलले नाहीत. आवळवाडी आली तेव्हा नूरीन वैतागली होती, कारण बिघाडच नव्हता, आणि नसलेला बिघाड कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

भामाबाई अंगणात उभ्या होत्या. सुकलेल्या, ताठ, कपाळावर हिरवं गोंदण. त्यांनी नूरीनला पायांपासून वरपर्यंत पाहिलं.

"तूच काय ती दिव्याची बाई?"

"व्हय मावशी."

"पोरी, तुझा दोष न्हाई. तू काम चांगलं केलंस. पर ह्या गाडीवर कुणाची तरी नजर हाय. जा, हातपाय धू, जेवून घे."

जेवण झालं. दुपारभर नूरीन जीपच्या पोटात होती. एकेक रिले काढून बघितला, एकेक फ्यूज बघितला. सगळं तिनं जसं ठेवलं होतं तसं. ऊन उतरलं, खाली जाणारे दुधाचे कॅन अंगणात येऊ लागले. आयुष्यात पहिल्यांदा "सापडलं" न म्हणता परत जावं लागणार असं तिला वाटायला लागलं आणि ती अंगणातल्या दगडावर मुकाट बसून राहिली.

अर्जुना निघायच्या तयारीत होता. तेवढ्यात भामाबाई घरातून ताट घेऊन आल्या. ताटात मीठ, मोहरी, लाल मिरच्या आणि एक कापलेलं लिंबू, त्यावर कुंकू. जीपभोवती त्या फिरल्या, ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. नूरीननं असं हजारदा पाहिलं होतं. शिराळ्यात लिंबू-मिरची नसलेली गाडी शोधून सापडली नसती, आणि जे इतकं रोजचं असतं त्याच्याकडं डोळा जातच नाही. मग भामाबाई जीपच्या पुढं आल्या, वाकल्या, आणि अर्धं लिंबू त्यांनी त्या पितळी बोल्टावर पिळलं. नुसतं पिळलं नाही, साल त्यावर चोळून चोळून फिरवली. वरून चिमूटभर मीठ दाबलं. उरलेलं अर्धं लिंबू बोल्टावरच खोचलं.

नूरीन उभी राहिली.

"मावशी, हे काय करताय?"

"नजर काढतिया. हे गाडीचं नाक न्हवं का? सगळ्यात फुडं हेच आल्यालं. नजर लागती ती फुडनंच." भामाबाईंनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. "आदी आवसेला काढायची मी. दिवे जाय लागले तवा दर शनवारी काढाय लागले. आता दर खेपेला काढती, तरीबी जात्यात बघ. लय जबर नजर हाय."

नूरीननं अर्जुनाकडं पाहिलं. अर्जुनानं मान खाली घातली. "खाली गावात येताना मी फडक्यानं पुसून घेतो," तो हळूच म्हणाला. "स्टँडवरची पोरं हसत्यात."

सापडलं होतं. पण ते म्हणायला नूरीनची जीभ उचलेना.

ती पाण्याच्या टाकीकडं चालत गेली, कारण वाडीत मोबाइलला रेंज फक्त तिथं येते, आणि तिनं अब्बांना फोन लावला.

"अब्बा, बोल्टावर लिंबू पिळत्यात."

"काय पिळत्यात?"

"लिंबू. वर मीठ. रोज. दिवे जात्यात म्हणून पिळत्यात, आन पिळत्यात म्हणून दिवे जात्यात."

पलीकडं लोखंडी खुर्ची करकरली. 

"मी बोल्ट फुडं काढला तो सगळ्यांस्नी दिसावा म्हणून," कुतुबुद्दीन म्हणाले. "तिला बी दिसला की."

"काढू का मग?"

"इचारतीस काय? काढ. वायरी आतनं बॅटरीवर घे, एकेक वेगळी." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आन त्या माऊलीला नीट सांग, बेटा. तुझी जीभ टेस्टरसारखी टोचती."

न सांगताही काम झालं असतं. बोल्ट गुपचूप काढायचा, वायरी आत घ्यायच्या, गाडी घेऊन खाली जायचं. परत येताना नूरीन हाच विचार करत होती. पण मग भामाबाईंच्या मनात गाडी झपाटलेलीच राहिली असती, आणि रविवारी ती खंडाळ्याला गेली असती. शिवाय एक नाक काढलं तर त्यांनी दुसरं शोधलं असतं. आणि खरं सांगायचं तर नूरीनला खोटं वागता येत नव्हतं. मोठ्या तोंडाच्या माणसांची ती अडचणच असते.

ती भामाबाईंसमोर उकिडवी बसली.

"मावशी, ताक पितळंच्या भांड्यात ठिवता का तुमी? कल्हई नसलेल्या?"

"खुळी का काय तू? कळकंल की ते. हिरवं हुईल."

"का कळकतं?"

"आंबट असतं म्हणून."

नूरीननं पिशवीतून एक पुडी काढली. गेल्या खेपेला बोल्टावरून काढलेलं वायरीचं टोक तिनं फेकलं नव्हतं. ते तिनं भामाबाईंच्या तळहातावर ठेवलं. खाऊन गेलेलं, हिरवं पडलेलं, हात लावला की भुगा होणारं.

"हे बी पितळ-तांब्याचंच हाय. त्याच बोल्टावरचं."

भामाबाईंनी ते डोळ्यांजवळ नेलं. अंगठ्यानं घासलं. मग ताटातल्या लिंबाकडं पाहिलं, मग जीपकडं. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. आयुष्यभर भांडी घासलेली बाई ती.

"म्हंजे मीच," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातानं. लेकाच्या गाडीचे दिवे."

"तसं न्हाई मावशी. तुमच्या लिंबाचा दोष न्हाई आन बोल्टाचा बी न्हाई. तुमी नाक म्हणून पिळलं, माझ्या बापानं सोय म्हणून बोल्ट तिथं ठिवला. दोगांनी बी भल्यासाठीच केलं. आन मी दोनदा बोल्ट खरवडला, पण कशानं कळकतोय ते इचारलं न्हाई."

 वायरीचं टोक मुठीत धरून भामाबाई उठल्या आणि घरात गेल्या. आतून कडीचा आवाज आला.

"काय गरज हुती सांगायची?" अर्जुना चिडून म्हणाला. इतक्या वर्षांत नूरीननं त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "आता ती सवताला खात बसंल. बा गेला तवा पण तशीच बसली हुती."

 नूरीननं पिशवीतून पाना काढला. हातांना काम दिलं की मन जाग्यावर राहतं, हे ती अब्बांकडून शिकली होती. तिनं बोल्ट सोडवायला घेतला. तो निघायला तयार नव्हता, तिनं सगळं वजन टाकलं तेव्हा कर्र करत निघाला. मग तिनं प्रत्येक दिव्याची काळी वायर वेगळी काढली, जाळीच्या आतून, इंजिनच्या कडेकडेनं बॅटरीपर्यंत नेली, टोकं दाबली, वर रबरी नळी चढवली, ग्रीस भरलं. पुढचे दिवे, फॉगलाइट, टपाची पट्टी, वळणाचा दिवा, हॉर्न, ज्याची त्याची परतीची वाट वेगळी. बोल्टाच्या जागी नुसतं भोक राहिलं. जीपचा चेहरा एकदम उघडा दिसायला लागला.

मागं पावलं वाजली. भामाबाई होत्या. डोळे लाल होते, पण पदर कमरेला खोचलेला होता. हातात नवीन लिंबू होतं.

"मग आता कुठं पिळू ते सांग," त्या म्हणाल्या.

नूरीनला हसूही आलं आणि रडूही. "टायरवर पिळा मावशी. रबराला लिंबू काय बी करत न्हाई. किती बी पिळा."

"चारी चाकांवर?"

"पाचव्यावर बी पिळा. स्टेपनीला कशाला नाराज करता?"

भामाबाईंनी खरोखरच पाची चाकांवर लिंबू पिळलं, आणि एवढं सगळं होईपर्यंत दिवस मावळतीला आला. मग त्या डावीकडचं दार उघडून पुढं, अर्जुनाच्या शेजारच्या सीटवर चढल्या. अर्जुना बघतच राहिला.

"आये, तू कुठं?"

"खाली. दिवे टिकत्यात का न्हाई ते मला बघू दे. टिकले तर बोलू. न्हाई टिकले तर त्यो खंडाळ्याचा हायेच."

नूरीन मागं दुधाच्या कॅनमध्ये बसली. गाडी निघाली. झाडीत शिरल्यावर अंधार दाटला आणि अर्जुनानं दिवे लावले. समोरचा सगळा उतार उजळून निघाला. नूरीननं कॅनची कडी धरून मान पुढं काढली. आपल्या कामाबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती, तरी होती. पहिलं वळण, हॉर्न, दिवे जागच्या जागी. दुसरं वळण, हॉर्न, दिवे जागच्या जागी. ब्रेक दाबला, इंडिकेटर दिला, कुणी डोळा मारला नाही.

मग अर्जुनानं गाडी हळू केली. भामाबाईंचा हात सवयीनं पदराकडं गेला, तो नूरीनला मागून दिसला. पुढं कुठलं वळण आहे ते तिला सांगावं लागलं नाही.

"मावशी," ती पुढं वाकून म्हणाली, "तो लाल स्विच बगा. सगळ्यात मोठा. तुमी दाबा."

भामाबाईंचा हात पदर धरून तसाच राहिला. अर्जुनानं हॉर्न दिला, लांबलचक. दिवे हलले नाहीत. तेव्हा त्यांनी पदर सोडला, हात पुढं केला आणि अंगठ्यानं लाल स्विच दाबला.

डाव्या बाजूची दरी लख्ख उजळली. अर्जुनानं गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला करवंदीची एक जाळी होती, चुना लावलेला एक दगड होता, आणि त्याच्यापलीकडं रस्ता थोडासा, अगदी थोडासा डावीकडं वळत होता. बैलगाडीसुद्धा न थांबता वळली असती.

भामाबाई काचेला नाक लावून बघत राहिल्या.  इंजिन धडधडत होतं.

"एवढंसंच हाय व्हय हे?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं हुतं, लय मोठं आसंल."

 अर्जुनानं बाहीनं डोळे पुसले आणि उगीचच आरसा नीट केला.

"रविवारी त्या माणसाला येऊ नगं म्हणून सांग," भामाबाई म्हणाल्या.

"बरं आये." त्यानं गिअर टाकला आणि लाल स्विच बंद करायला हात पुढं केला. भामाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "जरा बघू दे मला."